शुक्रवारचं मालेगाव

पुण्यात नोकरीला लागल्यापासून 'गाव कोणतं?' या प्रश्नाचं उत्तर मी दोन टप्प्यांत देतो. आधी 'कन्नड' म्हणतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'पण तू तर मराठी बोलतोयस' असं काहीतरी उमटतं. मग 'संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका आहे' हे सांगतो. ज्यांना कन्नड ठाऊक असतं त्यांनाही ते दुसऱ्याच कशामुळे तरी ठाऊक असतं: पितळखोऱ्याची लेणी, गौताळ्याचं जंगल, नाहीतर औट्रम घाटात अडकून काढलेली एखादी रात्र. कन्नड बघायला म्हणून कन्नडला कुणी उतरल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. शिवना नदी, बसस्टँड, ऊस, सोमवारी-मंगळवारी कुणाचं कुठं लग्न आहे याची चर्चा, एवढ्यावर कोण तिकीट काढून येणार?

ही तक्रार मी मित्रांच्यात बऱ्याचदा केलेली आहे. तेव्हा एक कबुलीही द्यायला हवी. घाट उतरलं की चाळीसगाव, आणि तिथून पुढे मालेगाव. सगळं मिळून शंभर किलोमीटरसुद्धा नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी मालेगावात एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. नाशिकला जाताना एसटी मोसम पुलाजवळून गेली असेल, तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून झोपलेलो असणार. २००६ च्या सप्टेंबरमध्ये तिथं बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून जास्त माणसं मेली, तेव्हा मी तिसरीत होतो. २००८ मध्ये पुन्हा स्फोट झाला तेव्हा पाचवीत. आमच्या घरात 'मालेगाव' हा शब्द टीव्हीवरच्या लाल पट्टीतून आला आणि तसाच राहिला. त्या शब्दापुढे 'मध्ये तणाव' हे दोन शब्द आपोआप लागायचे.

मला मालेगाव दाखवलं ते सिनेमानं, आणि तेही पुण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये. रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ ला प्रदर्शित झाला. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा थिएटरात आम्ही मोजून अकरा जण होतो. शेवटाकडे मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सिनेमा त्यासाठीच बांधलेला आहे आणि चांगला बांधलेला आहे. आदर्श गौरवनं केलेला नासिर, विनीत कुमार सिंहचा लेखक फरोग आणि शशांक अरोराचा शफीक या तिघांमधली मैत्री खरी वाटते. ती कुरबुरीनं भरलेली आहे आणि कुरबुरीसकट टिकते. वरुण ग्रोवरचं लेखन विनोदाला विनोद राहू देतं. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख मित्रांना घेऊन गावातच 'मालेगाव के शोले' बनवतो, तो गावात चालतो, त्यातून पुढे भांडणं, फुटाफूट, आणि शेवटी आजारी शफीकसाठी 'मालेगाव का सुपरमॅन'. यातला नासिर शेख खरा, सिनेमे खरे आणि यंत्रमागावर काम करणारा शफीकही खरा. 'सुपरमॅन' पूर्ण झाल्यावर काही वर्षांतच तो कर्करोगानं गेला.

घरी येऊन त्याच रात्री मी फैझा अहमद खानचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पाहिला. तो २००८ चा, आपल्याकडे थिएटरात मात्र २०१२ मध्ये आला. 'मालेगाव का सुपरमॅन' बनत असताना फैझा कॅमेरा घेऊन तिथं होती. काडीसारखा शफीक, चड्डीचा लोंबणारा नाडा, ट्रकच्या बाजूला ताणून बांधलेलं हिरवं कापड आणि त्यापुढे आडवा टांगलेला हा सुपरमॅन. कॅमेरा पाण्यात पडतो, मग सगळे जण तो वाळवायच्या मागे लागतात. दोन्ही सिनेमे एका रात्रीत बघितल्यामुळे असेल, पण एक गोष्ट मला खटकायला लागली आणि मग ती डोक्यातून जाईना.

माहितीपटात सुरुवातीलाच शुक्रवार येतो. मालेगावात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. माग बंद, हातात थोडे पैसे, आणि माणसं सिनेमाला. म्हणजे तिथं सिनेमा हा आठवड्याच्या आतला भाग आहे, जसा आमच्याकडे आठवडी बाजार. नासिरचे सिनेमे निघाले ते या शुक्रवारातून. सहा दिवस माग चालवणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी काय बघावंसं वाटतं, हे त्याला व्हिडिओ पार्लरच्या गल्ल्यावर बसून बसून कळलेलं होतं. फैझानं शुक्रवार ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दिवसही ठेवले. शफीकला आपण सुपरमॅनच्या कपड्यात पाहतो, तसं मागावर उभा असलेलाही पाहतो. एक दृश्य दुसऱ्याची थट्टा करत नाही.

'सुपरबॉइज'मध्येही यंत्रमाग आहेत, आणि छायाचित्रण म्हणून ते देखणे आहेत. उन्हाची तिरीप, उडणारी कापसाची धूळ, कळकट भिंत. पण त्या सिनेमात मागाचं काम एकच: त्यातून शफीकला बाहेर पडायचंय. फरोगला मालेगावातून मुंबईला जायचंय. नासिरला पार्लरच्या काउंटरमधून बाहेर यायचंय. रोजचं जगणं म्हणजे ज्याला ओलांडायचं तो उंबरा, आणि त्याच्या पलीकडे सिनेमा. नेमकं इथं मला अवघडल्यासारखं झालं, कारण ही माझीच भाषा आहे. 'छोट्या गावातून येऊन' हे शब्द मी स्वतःच्या लिंक्डइनवर लिहिलेले आहेत. कन्नडचं सातत्यानं काय केलं मी? सुरुवातीचा सीन म्हणून वापरलं.

मोठ्या शहरातल्या प्रेक्षकाला लहान गाव आवडतं ते स्वप्न बघणारं गाव म्हणून. नुसतं कामाला जाणारं, परत येणारं, उधारी फेडणारं गाव पडद्यावर आलं की आपण 'संथ आहे' म्हणतो. बातम्यांना मालेगाव हवं स्फोटाच्या दिवशीचं, सिनेमाला हवं प्रीमियरच्या दिवशीचं. 'सुपरबॉइज' गावातल्या हिंदू-मुस्लिम ताणाला जवळपास हात लावत नाही. त्यावर काही समीक्षकांनी नाराजी दाखवली. मला उलट ते ठीक वाटलं. प्रत्येक वेळी त्याच दारातून आत कशाला शिरायचं? मात्र ते दार बंद केल्यावर जी जागा मोकळी होते तिथं गुरुवार-बुधवार आले असते तर बरं झालं असतं. तिथं आली ती जिद्द.

इथं मला जिम जार्मुशचा 'पॅटरसन' आठवतो. तो २०१६ चा. न्यू जर्सीमधलं पॅटरसन हे एके काळी रेशमाच्या गिरण्यांचं गाव, १९१३ चा तिथल्या गिरणी कामगारांचा संप अमेरिकेत गाजलेला. गिरण्या गेल्या, गाव उरलं. सिनेमाचा नायक सिटीबस चालवतो आणि वहीत कविता लिहितो. सोमवार ते पुढचा सोमवार एवढाच काळ. तो कवी म्हणून प्रसिद्ध होत नाही, नोकरी सोडत नाही, कुणी त्याला शोधून काढत नाही. त्याची वही कुत्रा फाडून टाकतो. शेवटी बाहेरून आलेला एक जपानी प्रवासी त्याच्याशी बाकावर बसून बोलतो आणि एक कोरी वही देऊन जातो. मंगळवारी माणूस कामावर जातो हे दाखवायला जार्मुशला लाज वाटत नाही. पण त्याच्यावरही माझा एक आक्षेप आहे: त्या आठवड्यात पैशाचा प्रश्न जवळपास येतच नाही. बायकोला गिटार हवी तर ती येते. शांतपणा परवडतो तो अशानं. मालेगावचा आठवडा तसा दाखवता येणार नाही, मीटरवर मजुरी असली की दिवस मोजूनच जातो.

दिवाळीनंतर मी कन्नडला आठवडाभर होतो. गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि मालेगावला निघालो. आई म्हणाली, "तिकडं कशाला जातो रे? कोणे तिथं आपलं?" कुणीच नव्हतं, हे खरंच. पप्पांनी मात्र शिलाई मशीनवरून मान वर न करता काम सांगितलं. पप्पा टेलर आहेत. ब्लाऊज, अस्तर, परकर, शाळेचे गणवेश. म्हणाले, "मांजरपाट मिळाला तर दोन मीटर आण. भाव विचार." मला आश्चर्य वाटलं. पप्पा म्हणाले, "आपल्या अस्तराचं कापड तिथूनच तर निघतं. तिथं विणतात, राजस्थानात रंगवतात, पालीला, बालोत्र्याला. मग आपल्याकडं पालीचा माल म्हणून येतं."

मी त्या कापडाच्या ताग्यांवर बसून अभ्यास केलेला आहे. दहावीचा पूर्ण.

चाळीसगावला बस बदलली. मालेगावात उतरलो तेव्हा दुपार होती. मी प्रवासी म्हणून गेलो होतो, म्हणजे काहीतरी सापडलं पाहिजे अशा तयारीनं. पहिला तास त्यातच वाया गेला. नारोशंकरांनी अठराव्या शतकात बांधलेला किल्ला पाहिला, त्यात शाळा भरते, पोरं बुरुजापाशी सायकली लावतात. मोसम पुलावर उभा राहिलो. नदीच्या एका अंगाला मुख्यतः हिंदू वस्ती, दुसऱ्या अंगाला मुस्लिम, हे वाचून गेलो होतो. त्यामुळे मी पुलाकडे पूल म्हणून बघूच शकलो नाही, रूपक म्हणून बघत राहिलो. पुलावर खरं तर एक माणूस मोटरसायकलवर तीन गाद्या बांधून चालला होता आणि सगळे त्याला वाट देत होते.

पूर्वेकडच्या गल्ल्यांत शिरलं की आवाज आधी येतो. खटखट म्हणतात, पण एका मागाची खटखट असते, शंभर मागांचा पाऊस असतो. पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं माग आणि मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. एका कारखान्याच्या दारात मी घुटमळलो. आतल्या माणसानं हातानंच 'काय?' विचारलं. तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो. मी हातानंच 'बघू का?' विचारलं. त्यानं मान हलवली.

इंजिनिअर असल्यामुळे मी आधी यंत्र बघितलं. जुने साधे माग. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, त्यात कांडी, कांडीवर बाण्याचं सूत. बाण्याचा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो, त्याची व्यवस्था यंत्रात आहे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर या मागांवर ते माणसालाच दिसावं लागतं. हजारो उभ्या धाग्यांतला एक. तो माणूस एका वेळी सहा माग सांभाळत होता. मी मोजून वीस मिनिटं उभा होतो, तेवढ्यात तो पाच वेळा धागा जोडायला वाकला. गाठ मारायला त्याला किती वेळ लागला ते मला दिसलंच नाही. बोटं गेली आणि आली. मी माझ्या कामात एखादी चूक पकडायला लॉग बघतो, अलर्ट लावतो, आणि तरी ती दोन दिवसांनी सापडते.

हे कौशल्य दोन्ही सिनेमांत नाही. फैझाच्या माहितीपटातही माग आहे तो शफीकच्या चेहऱ्यामागे. हाताकडे कॅमेरा फार थांबत नाही. 'सुपरबॉइज'मध्ये तर माग म्हणजे निव्वळ कंटाळा. कंटाळा असेलच. बारा-बारा तास त्या आवाजात उभं राहणं हे मी रम्य करून सांगणार नाही, कान जातात, छातीत कापूस जातो. पण कंटाळवाण्या कामातही माणूस तरबेज असतो, आणि ते त्याला स्वतःला माहीत असतं. त्या माणसाला ते माहीत होतं. मी बघतोय हे कळल्यावर पुढची गाठ त्यानं जरा हळू मारली.

चहाला बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "यूट्यूबवाले हो?" कॅमेरा नव्हता, तरी. इथं बाहेरचं कुणी आलं की ते शूट करायला येतं, हे आता गृहीतच आहे. मी म्हटलं, नाही, कन्नडहून आलोय. पुढचा प्रश्न मला पाठ होता. तो आला नाही. तो म्हणाला, "कन्नड, घाटवाला? अरे हम आते ना उधर. बारिश में, जुम्मे को. गौताळा. पूरी गाडी भर के." मग त्यानं मला धबधब्याजवळ गाडी कुठं लावायची, कुठल्या वळणावर मक्याची कणसं चांगली मिळतात, हे सांगितलं. मी कधीच न पाहिलेल्या मालेगावातला माणूस वर्षानुवर्षं माझ्या गावात सुट्टी घालवायला येत होता. पावसाळ्यातल्या शुक्रवारी घाटात दिसणाऱ्या त्या भरलेल्या गाड्यांना आमच्याकडे काय काय म्हटलं जातं, ते मी त्याला सांगितलं नाही. इथंही ते लिहीत नाही.

चहाच्या हॉटेलात एका पोराच्या मोबाइलवर छोटू दादाचा व्हिडिओ चालू होता. खानदेशी कॉमेडी. बुटका नायक, मारामाऱ्या, आरडाओरडा, कोट्यवधी व्ह्यूज. माझी मामी रोज रात्री हेच लावून हसत झोपते. ते मालेगावात बनतं हे मामीला माहीत नाही, आणि मलाही गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. 'सुपरबॉइज'ची गोष्ट संपते ती जणू एक वेडं पर्व मिटलं अशा सुरात. प्रत्यक्षात तसं काही मिटलेलं नाही. गावात व्हिडिओ बनवणं हा आता धंदा आहे, त्यात माणसं कामाला जातात, ठरावीक दिवशी नवीन माल येतो. दर्जाबद्दल बोलायचं तर त्यातले बरेच मला बघवत नाहीत. विनोद एकाच जागी लाथा मारतो. नासिरच्या 'सुपरमॅन'मध्ये तंबाखूसम्राट खलनायक होता, गावाच्या अंगावरची जखम होती ती. आताच्या व्हिडिओंत तसं क्वचित दिसतं. पण स्वप्नाचं पुढे काय होतं, या प्रश्नाचं उत्तर ते देतात: त्याची रोजची पाळी लागते. यावर कुणीतरी सिनेमा काढायला हवा होता.

बायका दोन्ही सिनेमांत जवळपास नाहीत, माझ्या फेरीतही नाहीत. नासिरला नायिका बाहेरून आणावी लागायची, हे माहितीपटात येतं. मला एका उघड्या दारातून चरख्यासारख्या यंत्रावर कांड्या भरणारी एक म्हातारी दिसली, तिनं वर पाहिलं आणि मी पुढे सरकलो. अनोळखी पुरुषानं गावात फिरून गोळा केलेलं रोजचं जीवन म्हणजे निम्म्या गावाचं. 'सुपरबॉइज'ला ही अडचण कळलेली आहे, म्हणून त्यात बाहेरून आलेल्या तृप्तीचं पात्र जरा वाढवलं आहे, आणि मंजिरी पुपालानं ते झकास केलंय. पण तीही बाहेरचीच.

रात्री लॉजवर झोपलो तेव्हा दूरवर आवाज चालूच होता. पहाटे कधीतरी जाग आली ती तो थांबल्यामुळे. शुक्रवार.

शुक्रवारी काय पाहिलं ते सांगायला फारसं नाही, आणि मी त्यासाठीच गेलो होतो. सलूनबाहेर रांगा. नवे कुर्ते. दुपारच्या नमाजनंतर किडवाई रोडवर अशी गर्दी की मला दहा मिनिटं एकाच दुकानापुढे उभं राहावं लागलं. बिर्याणीच्या डेगी. एक बाप तीन पोरांना एकाच स्कूटरवर बसवायचा प्रयत्न करत होता, चौथं रडत होतं. आदल्या दिवशीचा माणूस मला दिसला, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत सुरमा. ओळखायला क्षणभर लागला. त्याला मात्र लागला नाही. "क्या कन्नड, गये नहीं?" म्हणाला आणि गर्दीत गेला. एवढंच.

कापड मी निघायच्या आधी घेतलं. दुकानदार ठोक विकणारा, दोन मीटर द्यायला तयार नव्हता. पप्पा टेलर आहेत म्हटल्यावर फाडून दिलं आणि पैसे घेताना भाव असा सांगितला की तो मी पप्पांना सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प झाले. अस्तर होऊन, रंगून, पालीचं नाव घेऊन कन्नडला येईपर्यंत त्याचं काय होतं, हे त्यांनी बोटांवर मोजलं असावं.

मग त्यांनी कापड उजेडाला धरलं, आडवं ओढलं, उभं ओढलं, कड चोळून पाहिली. खळ जास्त आहे म्हणाले. आईनं विचारलं, कसं होतं गाव? मी म्हटलं, गर्दी होती. "मग, आपल्या सोमवारच्या बाजारासारखीच ना," ती म्हणाली आणि आत गेली. पप्पांनी बादलीत पाणी घेतलं आणि कापड रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी वाळल्यावर टेप लावला. दोन मीटरला नऊ सेंटिमीटर आटलं होतं. "बरंय," ते म्हणाले. "मला वाटलं बारा आटंल."